टायगर रणगाडा आणि त्याच्या पोटातली पाच माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा खरोखर अजिंक्य होता का? त्याच्या आत बसणाऱ्यांचं आयुष्य कसं होतं? आणि असलं यंत्र हाताशी असताना जर्मनी हरली कशी?

आधी सरळ उत्तर देतो. १९४३ साली मोकळ्या मैदानात, हजार-दीड हजार मीटरवरून समोरासमोर गाठ पडली, तर टायगरला तोड नव्हती. पण रणगाड्याच्या आयुष्यात तोफ चालते ते काही मिनिटं. बाकीचा सगळा काळ तो रस्ता कापत असतो, चिखलात रुतलेला असतो, पेट्रोलची वाट बघत असतो, नाहीतर त्याचं पोट उघडून माणसं आत हात घालून बसलेली असतात. टायगर हरला तो याच बाकीच्या काळात. सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते नीट पटावं म्हणून जरा आत शिरून सांगतो.

मी चिलखती दलात बावीस वर्षं काढली. टी-५५ रणगाड्यावर ड्रायव्हर म्हणून सुरुवात केली, मग गनर, म्हणजे नेम धरून तोफ डागणारा, झालो, आणि शेवटची काही वर्षं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) नव्या पोरांना शिकवलं. टायगर मी चालवलेला नाही. पण तुटलेला ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारा पोलादी पट्टा, भर उन्हात, हातात घण घेऊन जोडलेला आहे. त्यामुळे टायगरची कागदपत्रं आणि त्याच्या क्रूच्या आठवणी वाचताना माझं लक्ष आधी कुठे जातं, ते तुम्हाला पुढे कळेलच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. टायगर हा रशियन टी-३४ ला दिलेलं उत्तर होता असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. फ्रान्सच्या मोहिमेत जर्मनांच्या छोट्या तोफांचे गोळे ब्रिटिश माटिल्डा आणि फ्रेंच शार बी रणगाड्यांवरून घसरून गेले होते. जड रणगाड्याचा हुकूम मे १९४१ मध्ये निघाला, म्हणजे रशियावर हल्ला होण्याच्या महिनाभर आधी. पुढे टी-३४ आणि केव्ही हे रशियन रणगाडे समोर आले तेव्हा त्या कामाला घाई लागली, आणि ही घाई टायगरला शेवटपर्यंत भोवली. कासेलच्या हेन्शेल कारखान्याचं आणि फर्डिनांड पोर्शेचं अशी दोन मॉडेलं २० एप्रिल १९४२ ला, हिटलरच्या वाढदिवशी, रास्टेनबुर्गच्या त्याच्या मुख्यालयात दाखवण्यात आली. पोर्शेच्या गाडीत पेट्रोल इंजिनावर जनरेटर आणि त्यावर विजेच्या मोटारी अशी रचना होती. ती टिकली नाही. निवड व्हायच्या आधीच त्याचे सांगाडे तयार झाले होते, त्यातल्या नव्वदांवर पुढे ‘फर्डिनांड’ ही रणगाडाविरोधी गाडी उभी राहिली. हेन्शेलचा टायगर ऑगस्ट १९४२ पासून बाहेर पडू लागला.

वजन ५७ टन. पुढचं चिलखत १०० मिलिमीटर, बाजूचं वरचं ८०, चाकांमागचं ६०. तोफ ८८ मिलिमीटरची, मूळ विमानविरोधी तोफेच्या घराण्यातली. तिचा नेहमीचा चिलखतभेदी गोळा हजार मीटरवर, ३० अंशांत कललेलं, जवळपास १०० मिलिमीटर पोलाद फोडायचा. त्या काळच्या बहुतेक शत्रू रणगाड्यांसाठी हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतं.

आता आत चला. माणसं पाच. पुढे डावीकडे ड्रायव्हर, उजवीकडे रेडिओवाला, त्याच्याच हातात पुढची मशिनगन. दोघांच्या मधोमध गिअरबॉक्स, म्हणजे लढाई उन्हाळ्यातली असेल तर मांडीला मांडी लावून भट्टी. वर बुर्जात, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटात, तिघं: तोफेच्या डावीकडे गनर, त्याच्या पाठीला लागून थोडा वर कमांडर, आणि उजवीकडे गोळे भरणारा लोडर. गनरला स्वतःची हॅच, म्हणजे वरून बाहेर पडायचं झाकण, नाही. आग लागली तर आधी कमांडर निघणार, मग त्याच वाटेने गनर. मी स्वतः गनरच्या जागेवर बसलेलो असल्यामुळे हे वाक्य मला सहज लिहिता येत नाही. ज्या जागी बसून माणूस सगळ्यात नेमकं काम करतो, तिथून बाहेर पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

गनरच्या डोळ्याला जर्मन दुर्बीण, सुरुवातीच्या गाड्यांत दोन्ही डोळ्यांनी बघायची. त्यात त्रिकोणी खुणा असत. मोठ्या त्रिकोणाची रुंदी चार मिल (मिल हे कोनाचं माप), म्हणजे हजार मीटरवर चार मीटर. समोरचा रणगाडा तीन मीटर रुंद आहे आणि तो बरोबर त्या त्रिकोणाएवढा दिसतोय, तर अंतर किती? तीन भागिले चार गुणिले हजार: ७५० मीटर. हे गणित गनरला लढाईत बसून करता येत नाही, ते आधीच मुरलेलं असावं लागतं. आम्हीही हेच शिकवायचो, फक्त खुणा वेगळ्या. लेझर नसलेल्या काळात चांगला गनर आणि साधा गनर यांतला फरक इथेच पडायचा.

बुर्ज फिरवायला उजव्या पायाखाली एक डुलणारी पाटी. पुढे दाबली की बुर्ज एकीकडे, टाचेने दाबली की दुसरीकडे. ताकद हायड्रॉलिक, आणि ती इंजिनाकडून येणारी. त्यामुळे इंजिन मंद चालत असेल तर बुर्जही मंद. शत्रू बाजूने निघाला की गनर ओरडणार आणि ड्रायव्हर एकतर रेस वाढवणार, नाहीतर अख्खी गाडीच तिकडे वळवणार. इंजिन बंद असेल तर हातचाक, आणि पूर्ण फेरीला त्या चाकाचे ७२० वेढे. एका वेढ्याला अर्धा अंश. लपून, इंजिन बंद करून बसलेल्या टायगरच्या कुशीत टी-३४ घुसला, तर त्या गनरचे खांदे काय बोलत असतील ते ज्याने असं चाक फिरवलंय त्यालाच कळेल.

ड्रायव्हरचं सुख मात्र वेगळंच होतं. त्या काळी बहुतेक रणगाडे दोन लिव्हर ओढून वळवायचे. टी-३४ चा ड्रायव्हर तर गिअर टाकताना कधी कधी हातोडा वापरायचा. टायगरला मोटारीसारखं स्टिअरिंग होतं आणि गिअर आधी निवडून ठेवता येत: आठ पुढचे, चार मागचे. ५७ टनांची गाडी जवळपास बोटांवर वळायची. यंत्र म्हणून ते फार सुंदर काम आहे, आणि त्यातच त्याचं दुखणं आहे. तो गिअरबॉक्स बिघडला की बाहेर काढायला अख्खा बुर्ज उचलावा लागायचा. बुर्ज सुमारे ११ टनांचा. त्यासाठी चौकटीवर उभी राहणारी सोळा टनी क्रेन लागायची. म्हणजे वर्कशॉप कंपनी, क्रेन, कोरडी सपाट जमीन, झाडांचा आडोसा, आणि डोक्यावर शत्रूचं विमान नको. एका गिअरबॉक्ससाठी एवढं सगळं जुळून यायला हवं.

चाकांचं बघा. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ टॉर्शन बारचे (पीळ घेऊन धक्का झेलणाऱ्या दांड्यांचे) आस, आणि सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक आसावर तीन चाकं, एकमेकांच्या फटीत शिरलेली. वजन इतकं छान वाटलं जायचं की ओबडधोबड रानात गाडी होडीसारखी चालायची, आणि तोफेसाठी ती स्थिरता सोन्यासारखी. पण आतल्या रांगेतल्या एका चाकाचं रबर गेलं, तर बाहेरची चाकं एकामागून एक काढल्याशिवाय तिथपर्यंत हात पोचत नाही. रशियाच्या हिवाळ्यात चाकांच्या फटीत चिखल शिरायचा, रात्री गोठायचा, आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. फेब्रुवारी १९४४ नंतर पोलादी काठाची, आसाला दोनच चाकं आली, तेव्हा थोडा सुटकेचा श्वास मिळाला.

रेल्वेने न्यायचं तर आणखी काम. लढाईचा ट्रॅक ७२५ मिलिमीटर रुंद. तेवढी रुंदी रेल्वेच्या मापात बसत नव्हती. म्हणून प्रत्येक प्रवासाआधी बाहेरची चाकं काढायची, रुंद ट्रॅक उतरवायचा, ५२० मिलिमीटरचा अरुंद ट्रॅक चढवायचा. उतरल्यावर पुन्हा सगळं उलट. एका बाजूच्या ट्रॅकला ९६ कड्या, एकेक साधारण तीस किलोची. हे करणारे तेच पाच जण. एकदा टी-५५ चा ट्रॅक रेतीत निसटला तेव्हा आम्ही चौघांनी पहारी लावून तो पुन्हा चढवला होता. ती गाडी ३६ टनांची. संध्याकाळी जेवणाचं ताट हातात धरवत नव्हतं. टायगरची ही माणसं तेच काम उणे वीस तापमानात करत, आणि नंतर लढायला जात.

शिवाय रोजचं: टाक्यांत ५४० लिटर पेट्रोल, म्हणजे वीस लिटरचे २७ डबे हाताने वर द्यायचे. ९२ गोळे, एकेक पंधरा-सोळा किलोचा. पूर्ण भरायचे तर जवळजवळ दीड टन माल हातोहात आत. आणि एवढं पेट्रोल भरून रानात शंभर किलोमीटरसुद्धा धड होत नसत. थंडीत बॅटरी वाचवायला मागून हँडल मारून इंजिन चालू करायचं. कूच करून निघालं की ठरावीक अंतरावर थांबून चाकं, पिना, तेलाची गळती तपासायची. जर्मनीतल्या पाडरबोर्नच्या प्रशिक्षण तुकडीत हे सगळं शिकवत. १९४३ मध्ये क्रूसाठी चित्रं आणि यमकं असलेली पुस्तिकाही निघाली, ‘टायगरफिबेल’. शिक्षक म्हणून मला ती फार आवडते. गाडी शत्रूसमोर नाकाडाने सरळ उभी करू नका, तिरकी ठेवा, म्हणजे गोळा चिलखतावर कोनात लागेल, हे तिने घड्याळातल्या जेवणवेळांवरून शिकवलं होतं: साडेदहा, दीड, साडेचार, साडेसात. अठरा-वीस वर्षांच्या पोराला कोसाइन शिकवण्यापेक्षा हे लवकर डोक्यात बसतं. त्याच पुस्तिकेत क्रूला बजावलं होतं की गाडीवर आठ लाख राइखमार्क (तेव्हाचं जर्मन चलन) आणि तीन लाख तासांचे श्रम खर्ची पडलेत, जपून वापरा.

त्या तीन लाख तासांबद्दल आपण सहसा बोलत नाही. कासेलच्या कारखान्यांत परदेशांतून जबरदस्तीने आणलेले हजारो मजूर राबत होते. टायगरच्या पोलादाचं कौतुक करताना त्यांचा उल्लेख टाळणं मला चुकीचं वाटतं.

पहिली लढाई घाईची. २९ ऑगस्ट १९४२ ला लेनिनग्राडजवळ म्गा इथे ५०२ व्या जड बटालियनचे चार टायगर उतरवले. जमीन दलदलीची, आजूबाजूला जंगल. शत्रूने फोडण्याआधीच गाड्या बिघडून थांबल्या. सप्टेंबरात पुन्हा पाठवले, पुन्हा रुतले. जानेवारी १९४३ मध्ये त्याच भागात रशियनांना एक टायगर जवळपास धड हाती लागला. त्यांनी तो कुबिंकाच्या चाचणी मैदानावर नेला, वेगवेगळ्या तोफांनी त्यावर मारा करून बघितला आणि कुठून काय फुटतं ते आपल्या तोफखान्याला शिकवलं. ज्याच्यावर एवढी गुप्तता राखली, ते यंत्र पाच महिन्यांत शत्रूच्या चाचणी मैदानावर होतं. पोचलेल्या प्रत्येक गाडीला लगेच लढाईत टाकायचा हट्ट नसता, तर हे झालं नसतं असं माझं ठाम मत आहे.

नीट संघटित झाल्यावर चित्र बदललं. बटालियनला ४५ टायगर, चौदा-चौदाच्या तीन कंपन्या आणि मुख्यालयाचे तीन, शिवाय स्वतःची वर्कशॉप कंपनी. रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत जुलै १९४३ मध्ये सगळे मिळून दीडशेच्या आसपास टायगर होते, आणि ते जिथे उतरले तिथे रशियनांना फार महाग पडले. पण ४५ पैकी निम्मे एका वेळी चालू असले तरी तो दिवस चांगला. बंद पडलेला टायगर ओढायला अठरा टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे ट्रॅक असलेल्या गाड्या) लागायचे, तेही चिखलात दोन-तीन मिळून. एका टायगरने दुसरा ओढायला मनाई होती, कारण ओढणाऱ्याचंही इंजिन किंवा फायनल ड्राइव्ह (ट्रॅकला ताकद देणारा शेवटचा गिअर) जायचं. आघाडीवर माणसं तरीही ओढत, कारण आपली गाडी सोडून जायची कोणाची तयारी नसे. पुढे माघारीचा काळ आला आणि हिशोब पार उलटला. पुढे सरकताना बिघडलेली गाडी आपल्याच ताब्यातल्या जमिनीवर राहते, ती उद्या दुरुस्त होते. मागे हटताना तीच गाडी शत्रूच्या जमिनीवर राहते. म्हणून टायगरांच्या नोंदींत ‘क्रूनेच स्फोट करून उडवला’ हे वाक्य इतक्या वेळा येतं की वाचताना घसा दाटतो. ज्या गाडीची प्रत्येक पिन आपण ठोकली, तिच्यातच सुरुंग लावायचा.

आता नावाजलेल्या लोकांविषयी, कारण त्यांच्याबद्दल हमखास विचारलं जातं. टायगरचा कमांडर मिखाएल विटमान: १३ जून १९४४, नॉर्मंडीतलं विलेर-बोकाज गाव. ब्रिटिशांच्या सातव्या चिलखती डिव्हिजनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या तुकडीवर त्याच्या टायगरने बाजूने झडप घातली आणि पंधरा-वीस मिनिटांत रणगाडे, हाफट्रॅक, तोफा यांची रांग पेटवून दिली. लष्करी दृष्टीने ती जबरदस्त चढाई होती. मात्र पुढे भर गावात त्याची स्वतःची गाडी निकामी झाली आणि त्याला पायी परतावं लागलं. ८ ऑगस्टला सेंट-एन्यांजवळ मोकळ्या शेतातून दिवसाउजेडी पुढे जाताना तो आणि त्याचा क्रू मारला गेला; ब्रिटिश शर्मन फायरफ्लाय रणगाडे त्याच्या उजव्या कुशीत दबा धरून होते. पाचही जणांचे अवशेष १९८३ पर्यंत त्या शेतातच होते. विटमान वाफेन-एसएसचा, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या सशस्त्र दलाचा, अधिकारी होता आणि नाझी प्रचारयंत्रणेने त्याला जाणीवपूर्वक मोठं केलं. त्याचं कसब अभ्यासा, पण भिंतीवर त्याचा फोटो लावू नका. हे मी माझ्या पोरांनाही सांगत आलो.

‘अमक्याने दीडशे रणगाडे फोडले’ हे आकडेही जपून घ्या. धुरात, तीन गनर एकाच लक्ष्यावर मारत असताना ते कोणाचं, हे ठरत नाही. आणि फुटलेला रशियन रणगाडा रात्री ओढून नेला की आठवड्याने पुन्हा समोर येतो. जर्मन सैन्याचं स्वतःचं गुप्तचर खातं पूर्वेकडच्या दाव्यांतून सरळ निम्मे वजा करायचं. आणि नाव कमांडरचं होतं, तरी ट्रिगरवर बोट गनरचं असे. विटमानच्या मागे त्याचा गनर बाल्थाझार वोल होता हे किती जणांना ठाऊक आहे?

टायगरचाच दुसरा कमांडर ओटो कारियुस याच्याबद्दल मला वेगळ्या कारणाने आदर वाटतो. २२ जुलै १९४४ ला लाटव्हियातल्या मालिनावा गावात शिरण्याआधी त्याने आधी स्वतः जाऊन जागा बघितली, मग आत कसं जायचं ते ठरवलं. कमांडरने डोकं हॅचबाहेर ठेवलं पाहिजे, बंद पेटीत बसून लढाई दिसत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. आमच्याकडेही हाच धडा दिला जातो, आणि त्याची किंमत कमांडरच डोक्याने मोजतो. युद्धानंतर तो औषधविक्रेता झाला, दुकानाचं नाव त्याने ‘टायगर’च ठेवलं, आणि २०१५ साली वारला.

चिलखत किती वाचवतं याची हद्द १८ जुलै १९४४ ला दिसली. नॉर्मंडीतल्या कां (Caen) शहराजवळच्या मानव्हिल इथे ५०३ व्या बटालियनची तिसरी कंपनी झाडांखाली उभी होती. पहाटे मित्रराष्ट्रांच्या जड बॉम्बर विमानांनी टाकलेल्या बॉम्बचा गालिचा पडला. कंपनी कमांडर रिशार्ड फॉन रोझेन आपल्या टायगरखाली सरपटत शिरला. बॉम्बवर्षाव थांबल्यावर ५७ टनांचा एक टायगर उलटा पडलेला दिसला, ट्रॅक आभाळाकडे. त्याचं छायाचित्र आहे. मी ते शिकवताना पडद्यावर लावायचो आणि मिनिटभर काहीच बोलायचो नाही.

एकूण टायगर झाले साडेतेराशेच्या आसपास, दोन वर्षांत. हेन्शेलने सगळ्यात जास्त काढले ते एप्रिल १९४४ मध्ये, शंभरापेक्षा थोडे वर. त्याच काळात रशियात टी-३४ महिन्याला हजाराच्या वर निघत होते. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांना मात्र जिकडेतिकडे टायगरच दिसायचे; बाजूला पत्रे लावलेला साधा ‘पान्झर चार’ हा जर्मन रणगाडा लांबून टायगर वाटायचा. पश्चिमेकडे अमेरिकनांची खऱ्या टायगरशी गाठ फारच कमी वेळा पडली. ‘एका टायगरला पाच शर्मन लागतात’ हे वाक्य म्हणूनच नियम मानू नका.

बघायला जायचं असेल तर नॉर्मंडीत विमूतिए गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक टायगर उभा आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये पेट्रोल संपलं तिथेच क्रूने तो सोडला. आणि चालू अवस्थेतला जगातला एकुलता एक टायगर इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला आहे, बुर्जावर क्रमांक १३१. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात मेजेझ-अल-बाबजवळच्या टेकडीवर ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्यांनी त्याला गाठलं. चर्चिल कसा दिसतो ते अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात बघा. तिथला मॉडेलने नंतरचा आहे, पण घराणं तेच. त्या चर्चिलांची तोफ ५७ मिलिमीटरची, समोरून टायगर फोडायला अपुरी. पण एक गोळा तोफेच्या नळीला खालून लागून बुर्ज आणि धड यांच्या फटीत घुसला आणि बुर्ज जागीच अडकला. दुसरा बुर्जाच्या उचलण्याच्या कानाला लागला. इंजिन चालत होतं, चिलखत शाबूत होतं, पण तोफ वळत नव्हती. क्रू उतरून गेला आणि गाडी उडवायची राहून गेली. तिथे गेलात तर गर्दीसारखं पुढून फोटो काढून परतू नका. बाजूला जा, थोडं वाका, आणि नळीच्या खालच्या अंगाला गोळा घासून गेल्याची खूण शोधा.